पिवळ्या नळीची सोबत

मी एक जुना पंप आहे. मित्रांनो, पंप म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पाणी उपसणारा, धडधडणारा पंप येईल, नाहीतर सायकलच्या चाकात हवा भरणारा. मी तसा नाही. मी जेवणाच्या डब्याएवढा आहे. मला आकडे दाखवणारा एक छोटा पडदा आहे, थोडी बटणे आहेत, पोटावर कुलूप लागणारे झाकण आहे आणि अंगावर एक पिवळा पट्टा आहे. तो पट्टा शोभेसाठी नाही. माझ्या पोटातले औषध हाताच्या शिरेत जात नाही, ते पाठीतल्या नळीत जाते. ही गोष्ट घाईगर्दीतही कोणी विसरू नये म्हणून मला पिवळा पट्टा आणि माझ्या नळीला पिवळा रंग. दवाखान्यातल्या प्रसूती विभागात सगळे मला 'पिवळ्या' म्हणत. मलाही ते नाव आवडायचे.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलापाशी माझा जन्म झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या आतले दातेरी चाक बसवले. मग माझी परीक्षा सुरू झाली. वजनकाट्यावर एक वाटी ठेवली होती आणि तिच्यात मला पाण्याचे थेंब सोडायचे होते. थेंब जरा जास्त पडला की बाई मला उघडत, कमी पडला की पुन्हा उघडत. "घाई करणारा पंप कामाचा नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आणि आळशी तर त्याहून नाही." शेवटी एकदा मी पास झालो. बाईंनी माझी पाठ थोपटली आणि मला खोक्यात घातले.

दवाखान्यात आलो तेव्हा मला वाटले होते की माझे जंगी स्वागत होईल. कसले स्वागत! मला सरळ कपाटावर चढवून ठेवले. आईच्या पाठीतल्या नळीतून थेंबथेंब औषध देणाऱ्या यंत्राची तिथे सगळ्यांना धास्ती होती. ज्या आयांचे बाळ पोटाला छेद देऊन, म्हणजे सिझेरियन करून काढावे लागते, त्यांना तोवर दुखणे वाढले की इंजेक्शन मिळे. ते उतरले की पुन्हा कळ, पुन्हा वाट पाहणे. वरून मला सगळे दिसायचे. बाळ कुशीत घेऊन कण्हणाऱ्या आया पाहताना मला माझ्या रिकामपणाची लाज वाटायची.

मग तिथे भुलीच्या नव्या डॉक्टरबाई आल्या. बारीक अंगाच्या, बोलायला चुरचुरीत. त्यांनी पहिल्याच दिवशी कपाटावर बोट दाखवले. "हा वर बसून काय धूळ खातोय? खाली घ्या त्याला." त्यांनी सगळ्या सिस्टरांना माझी ओळख करून दिली. त्यांत एक मोठ्या सिस्टर होत्या. उंच, करड्या शिस्तीच्या आणि मनाने लोण्यासारख्या. त्यांनी माझे प्रत्येक बटण समजून घेतले आणि त्या दिवसापासून माझ्यावर मालकी सांगितली. मित्रांनो, तेव्हापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. कितीतरी आयांच्या उशाशी मी उभा राहिलो. पण त्यांतल्या एका आईची गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचे काम करायची. सिस्टर तिला 'चष्मेवाली ताई' म्हणत. तिचे बाळ वेळेच्या बरेच आधी आले. नवरा ट्रक घेऊन दूर गेला होता. त्याला निरोप मिळाला आणि तो परतीच्या वाटेला लागला, पण पोचायला उद्या उजाडणार होते. सोबत होत्या फक्त सासूबाई. आयुष्यभर शिवणकाम केलेली, सुईसारखीच सरळ आणि टोचरी बाई. सकाळी ऑपरेशन झाले. मुलगी झाली. ती एवढीशी होती, म्हणून तिला लगेच नाजूक बाळांच्या नर्सरीतल्या काचेच्या पेटीत ठेवायला नेले. आईला दिसली ती नुसती कापडात गुंडाळलेली एक मूठ.

ताईला खोलीत आणले आणि डॉक्टरबाईंनी माझी नळी तिच्या पाठीतल्या नळीला जोडली. सासूबाई कपाळाला आठ्या घालून पाहत होत्या.

"हे काय खुपसून ठेवलंय पोरीच्या पाठीत? सुई आत राहिली म्हणजे?"

"सुई केव्हाच काढली, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत आहे ती मऊ नळी. दोऱ्याएवढी."

"दोऱ्याएवढी म्हणजे? दोऱ्यात काय एकच जात असते?"

डॉक्टरबाईंना हसू आले. "कोटाला बटण लावायचा दोरा असतो ना, साधारण तेवढी."

सासूबाईंचे एवढ्याने समाधान होणार नव्हते. "पण पाठ जन्मभर दुखते म्हणतात त्यानं."

"टोचलं तिथे काही दिवस ठणकेल. जन्मभराची पाठदुखी नळीनं येत नाही, आजी. ती वाकून वाकून शिवल्यानं येते."

सासूबाईंचा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला. तरी त्या म्हणाल्याच, "आमच्या वेळी नव्हतं हे असलं. सोसलं की आम्ही."

"सोसलंत, हे अगदी खरं. पण सोसावं लागलं नसतं, तर तुमचा मुलगा काय कमी लाडका झाला असता?"

यावर सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना पटले असे मात्र नव्हते.

डॉक्टरबाईंनी ताईच्या हातात माझे बटण दिले. माझ्यापासून निघालेल्या एका वायरच्या टोकाला ते असते. "मी ठरवून दिलंय तेवढं औषध हा पिवळ्या आपणहून देत राहील," त्या म्हणाल्या. "तरी दुखायला लागलं, तर हे दाबायचं. दात-ओठ आवळून थांबायचं नाही. चुकून जास्त जाईल ही भीती नको, वेळ झाल्याशिवाय कितीही दाबलं तरी तो ऐकत नाही. फक्त दाबायचं ते तुम्हीच. नवऱ्यानं नाही, सासूबाईंनी नाही. काही विचारायचंय?"

"मी कधी उठू शकेन?" ताईने विचारले.

"सगळ्या विचारतात, दुखेल का. तुम्ही एकदम उठायचंच विचारताय!"

ताईने छताकडे नजर लावली. मग म्हणाली, "माझं हे दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा होता. तोही असाच लवकर आला होता. दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात होते मी. पूर्ण भूल दिली होती, त्यामुळे जन्मला तेव्हा दिसला नाही. नर्सरी मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. उठायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणाले, आज राहू दे, उद्या नेऊ." तिने सासूबाईंकडे पाहिले. "उद्यापर्यंत तो राहिला नाही. आई त्याला बघून आल्या होत्या. त्याचे कान आमच्या घरातले होते, जावळ दाट होतं, हे सगळं मला आईंनी सांगितलं. मी त्याला पाहिलेला नाही, डॉक्टर. मी त्याला फक्त ऐकलाय."

ती सासूबाईंनाच आई म्हणायची. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, समोर भिंत होती.

डॉक्टरबाईंनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "पायात ताकद आली की आज दुपारीच न्यायचं तुम्हाला. ऑपरेशनच्या भुलीनं आत्ता पाय जड आहेत, ते हलके व्हायला हवेत. सिस्टर मधूनमधून बघायला येतील."

मित्रांनो, त्या सकाळी मी जितक्या मनापासून थेंब सोडले तितक्या मनापासून कधी सोडले नसतील. माझे औषध पाठीच्या कण्याजवळच्या नसांपाशी जाते आणि पोटाच्या टाक्यांकडून येणारी कळ वाटेतच थोपवते. ताईच्या कपाळावरची शीर हळूहळू सैल झाली. ती कुशीवर वळली. स्वतःची स्वतः वळली, आणि तिचे तिलाच नवल वाटले. मग तिचा डोळा लागला आणि बटण हातातून सुटून चादरीवर पडले.

झोपेत तिने कपाळ आखडले. सासूबाईंनी ते पाहिले. त्यांनी दाराकडे नजर टाकली, कोणी नाही असे बघितले आणि हळूच बटण उचलले.

"आजी!" मोठ्या सिस्टर नेमक्या दारात उभ्या होत्या. "ठेवा ते."

"अहो, झोपेत दुखतंय तिला. मी म्हटलं..."

"तुमचं मन कळतं मला. पण ऐका. औषध पुरेसं झालं की झोप येते, झोप आली की हातातलं बटण सुटतं. हीच तिची राखण आहे. तुम्ही दाबायला लागलात तर ती राखण गेली. दुखलं तर ती जागी होईल आणि दाबेल."

सासूबाईंनी तापलेली इस्त्री सोडावी तसे बटण सोडले. मला मात्र त्यांचा राग आला नाही. सकाळी मला नावे ठेवणारी ती बाई दुपार व्हायच्या आत सुनेसाठी माझ्याचकडे आली होती.

ताई जागी झाली तेव्हा नर्सरीतून निरोप आला होता. बाळ तसे ठीक होते, पण ऊब धरत नव्हते. आईने छातीशी घेतले तर फार बरे होईल, असे तिथल्या सिस्टरांनी कळवले होते. ताईचे डोळे लकाकले. "चला, मला उठवा," ती म्हणाली.

"आधी पाय बघू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "डावा गुडघा वर घ्या."

डावा गुडघा छान वर आला.

"आता उजवा."

इथे मी एक गोष्ट पाहिली. ताईने चादरीखालून आपला हात उजव्या गुडघ्यामागे घातला आणि पाय हाताने उचलला. चादरीवरून पाहणाऱ्याला वाटावे की पायच उचलला आहे. सिस्टर डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांना हात दिसला नाही. मला ओरडून सांगावेसे वाटले. मित्रांनो, मला थोड्याच शिट्ट्या येतात. औषध संपले की एक, नळी मुडपली की दुसरी, चार्जिंग उतरले की तिसरी. आई खोटे बोलते आहे हे सांगणारी शिट्टी माझ्यात कोणी बसवलेलीच नव्हती.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "उठून बसूया."

"सिस्टर, थांबा." सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "पाय तिनं हातानं उचललाय. तिचा तिला येत नाहीये."

ताईने त्यांच्याकडे असे पाहिले की मलासुद्धा तिकडे बघवेना. "का बोललात? मला जाऊ द्यायचं नाहीये का तुम्हाला? पुन्हा तुम्हीच बघून येणार आणि मला सांगणार?"

सासूबाई मागे हटल्या नाहीत. "मला नात हवीच आहे गं. पण तूही हवीस. वाटेत कोसळलीस तर मी काय करू?"

सिस्टरांनी चादर बाजूला केली. पुन्हा उजवा पाय उचलायला सांगितला. तो हलला नाही. एका क्षणात त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी माझे थांबायचे बटण दाबले आणि डॉक्टरबाईंना बोलावणे धाडले.

डॉक्टरबाई जवळपास धावतच आल्या. त्यांनी बर्फाचा खडा रुमालात धरून ताईच्या दोन्ही पायांना लावून पाहिला. डाव्या पायाला गार लागत होते, उजव्याला नाही. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि काहीही न लपवता बोलल्या.

"बहुतेक आतली नळी थोडी एका बाजूला सरकलीय, म्हणून सगळं औषध उजव्या पायाकडेच चाललंय. तसं असेल तर पिवळ्या बंद ठेवल्यावर पाय आपोआप जागा होईल. पण फार क्वचित असंही होतं की कण्याजवळ रक्त साठतं आणि नसा दाबल्या जातात. तसं असलं तर पाय जागा होत नाही. मग घाईनं तपासणी, आणि लागलं तर ऑपरेशन. म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. शिरेतून दुसरं औषध देतेय, पण दुखणं वाढेल. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

मित्रांनो, बंद पडून उभे राहणे किती अवघड असते ते मी त्या दुपारी शिकलो. माझ्या पोटात औषध होते, समोर आई कळवळत होती, आणि माझे खरे काम म्हणजे गप्प राहणे हेच होते. कळ हळूहळू चढत गेली. ताईने उशीचा कोपरा दातात धरला. डॉक्टरबाई तिथून हलल्या नाहीत. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसल्या. त्यांनी सुनेचे उजवे पाऊल मांडीवर घेतले आणि तळव्याला आपला तळहात लावून ठेवला. सगळ्यांचा जीव त्या एका पावलात अडकला होता.

"बोटं हलवून बघा," डॉक्टरबाई अधूनमधून म्हणायच्या. बोटे हलत नव्हती.

बऱ्याच वेळाने सासूबाई दचकल्या. "अगं, काहीतरी झालं. अंगठा! अंगठा हलला!"

"मी हलवला," ताई म्हणाली.

"पुन्हा हलवा. आता पाऊल दाबा, जोरात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताईने इतका वेळचा सगळा धीर एकवटून पाऊल ढकलले. ते थेट सासूबाईंच्या पोटात बसले.

"आई गं!" सासूबाई ओरडल्या आणि लगेच खदखदून हसल्या. "बघा हो डॉक्टर, सुनेनं सासूला लाथ मारली! तुमच्यासमोर!"

"लागलं का हो आई?"

"लागू दे! अजून एक मार!"

मोठ्या सिस्टर हसल्या, डॉक्टरबाईंनी डोळे पुसले, आणि ताई एका हाताने टाके धरून विनवू लागली, "हसवू नका ना, टाके दुखतात!" माझ्या जिवात जीव आला. थोड्या वेळाने उजवा गुडघा कोणाच्याही हाताशिवाय वर आला. डॉक्टरबाईंनी पाठीतली नळी नखभर मागे घेतली, पट्टी बदलली आणि माझा वेग कमी करून मला पुन्हा सुरू केले. या खेपेला औषध जिथे जायला हवे तिथे गेले. कळ ओसरली आणि दोन्ही पाय हलके राहिले. तरीही डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. बर्फ पुन्हा लावून पाहिला, उठवून बसवले, चक्कर येत नाही ना हे विचारले, आणि मगच 'चला' म्हणाल्या.

ताई उभी राहिली. एका बाजूला मोठ्या सिस्टर, दुसऱ्या बाजूला डॉक्टरबाई. माझा चाकांचा खांब सासूबाई ढकलत होत्या. "सावकाश रे बाबा," त्या मलाच सांगत होत्या, "नळी ओढू नकोस." मागून एक चाकांची खुर्ची येत होती, दमली तर बसता यावे म्हणून. ती रिकामीच नर्सरीपर्यंत आली.

तिथल्या सिस्टरांनी काचेची पेटी उघडली. मुठीएवढे बाळ, डोक्यावर लोकरीची टोपी, नाकाला बारीक नळी. आजीला राहवले नाही. "बघ गं, नाक कसं सरळ आहे! आणि हनुवटी तर..."

"आई," ताई हळूच म्हणाली, "सांगू नका ना. मी बघतेय."

ती बघत राहिली. भिंगावरचा केसभर ओरखडासुद्धा हेरणारे ते डोळे. नखे पाहिली, भुवया पाहिल्या, कानामागची लव पाहिली. मग ती आरामखुर्चीत बसली आणि सिस्टरांनी बाळ तिच्या छातीवर, उघड्या अंगाला अंग लावून ठेवले. वरून मऊ पांघरूण घातले. बाळाने एक सुस्कारा सोडला. ताईला टाक्यांची आठवणही नव्हती. मी तिच्या शेजारी उभा राहून थेंबामागून थेंब सोडत होतो आणि मला भिंग लावलेल्या त्या कारखान्यातल्या बाईंचे मनोमन आभार मानावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाले बाबा पोचले. दाढी वाढलेली, डोळे लाल. बाळाला पाहून ते आधी रडले आणि मग बायकोला चालताना पाहून पुन्हा रडले. माझे काम तेव्हा संपत आले होते. डॉक्टरबाईंनी पाठीतली नळी अलगद काढली, टोक शाबूत आहे ना हे पाहिले आणि ताईला गोळ्या सुरू केल्या. मला नेताना सासूबाईंनी सिस्टरांना थांबवले. पदराने माझा पडदा पुसला. "सकाळी बोलले ते मनावर घेऊ नको हो," त्या मला म्हणाल्या. आदल्या दिवशीच्या सकाळचे त्या अजून मनात धरून होत्या! त्या मुलीने पुढे चांगले बाळसे धरले आणि आईच्या कुशीत ती घरी गेली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. पुढे नवे, हलके पंप आले. एकदाच टोचून दिले की पुष्कळ वेळ पुरणारी औषधेही आली. आता माझ्यासारख्याची गरज थोड्याच आयांना पडते. ही चांगलीच गोष्ट आहे, पण खोटे कशाला बोलू, मधली काही वर्षे मी पुन्हा कपाटावर धूळ खाल्ली तेव्हा वाईट वाटले. हल्ली मला शिकाऊ सिस्टरांच्या वर्गात ठेवले आहे. त्या माझे झाकण उघडतात, चुकतात, पुन्हा शिकतात. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, तरी शिकवायला येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना त्या एकच गोष्ट बजावतात: आधी आईचे पाय बघा, मग पंपाचा पडदा.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे थोडेसेच मागणे आहे. दवाखान्यात कुणाच्या उशाशी माझ्यासारखे यंत्र दिसले तर त्याच्या बटणांशी खेळू नका. त्याने शिट्टी वाजवली तर ती कटकट समजून कान झाकू नका, सिस्टरांना हाक मारा. आणि घरी नवे बाळ आले की सगळे बाळाभोवती गोळा होतील, तेव्हा तुम्ही आईजवळ जा. तिच्या पोटावर उडी मारू नका. पाण्याचा पेला तिच्या हाताशी नेऊन ठेवा. "आई, दुखतंय का?" असे विचारा. ती "हो" म्हणाली तर मोठ्या माणसांना सांगा. आणि ती "नाही" म्हणाली, तर तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहा, मगच खेळायला जा.